उलटा छापलेला कौल

१२ फेब्रुवारी १९५७, मालवण

पहिलं काम मिळालं! परशुराम वकील निवडणुकीला उभे आहेत, त्यांच्या सभांचे फोटो मी काढायचे. बाबांनी निकालापर्यंत मुदत दिलीय. तोवर नाव झालं नाही तर मुंबईला काकांच्या ऑफिसात कारकून. मला नाही जायचं. मुळीच नाही!

कॅमेरा स्टुडिओवाल्या गुरुदासमामांचा. सोबत उपदेश — "सभेत आधी झाड बघून ठेव, मारामारी झाली तर चढूक गावता. पुढारी जांभय देताना फोटो काढू नको. काढलंस तर माका दाखव."

१५ फेब्रुवारी

मारामारी झालीच नाही. झाडावर उगाच चढलो.

१९ फेब्रुवारी

वकिलांनी देवळात कौल लावला. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवल्या — उजवी पडली तर होकार, डावी तर नकार. पाऊण तास एकही हलेना! वकील घामाघूम. मी कंटाळून फ्लॅश उडवला आणि उजवी टपकन पडली. जयजयकार! लगेच दुसरा फोटो घेतला. "ह्यो गावागावात लावा," वकील म्हणाले. रात्रभर झोप नाही आनंदाने.

२२ फेब्रुवारी

मेलो! बारा गावांच्या पारांवर फोटो चिकटलेत, आणि त्यांत पाकळी डावी पडलीय. वकिलांचं घड्याळही उजव्या हातात. फिल्म उलटी ठेवून छापला मी! विरोधक त्याच फोटोला हार घालून मिरवतायत.

गुरुदासमामा कपाळाला हात लावून — "चकचकीत बाजू वर ठेवची, ह्यां सांगूक इसारलंय रे!"

२४ फेब्रुवारी

भर सभेत उभा राहिलो. म्हटलं, चूक माझी, फिल्म मी उलटी ठेवली.

मागून धोंडू नारळवाला ओरडला, "तू खंय ठेवतलंस? देवान ठेवल्यान!"

सगळी सभा माझ्या पाया पडली. वकीलसुद्धा! वाकता वाकता कानात म्हणाले, "आता सुलट करून दी."

२७ फेब्रुवारी

स्टुडिओपुढे फोटोतून कौल घेणाऱ्यांची रांग. यशोदामावशी म्हैस घेऊन आली. "फोटो उलटो इलो तर इकतंय हिका." किती समजावलं! समजावलं की लोक आणखीच हात जोडतात. नाव झालं, पण हे असलं! रडू येतं आणि हसूही.

१२ मार्च

निकाल. वकील पडले.

दुपारी बाबा इस्त्रीचा सदरा घालून स्टुडिओत येऊन बसले. "माझो फोटो काढ. सरळ इलो तर मुंबैक जा. उलटो इलो तर हंयच रव."

बाबासुद्धा! डार्करूममध्ये अर्धा तास नुसता फिल्म धरून बसलो. बाबांना फसवायचं? इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

१३ मार्च

उलटा छापला. पाकीट हातात दिलं. बाबांनी ते उघडलंच नाही.

"उलटोच आसतलो," म्हणाले.