तिचं वाक्य

प्रिय जावईबापू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकला असशील. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात पावतीपलीकडे काही लिहिलं नाही तो पत्र लिहायला बसला, म्हणजे काहीतरी बिनसलंय असंच कुणालाही वाटेल. तर आधीच सांगतो, ती ठीक आहे. म्हणजे रविवारी तू बघून गेलास तितपत ठीक आहे. ताप नाही, टाके कोरडे आहेत, सकाळी पोटभर खाल्लंय. श्वास सोड आणि मग पुढचं वाच. फोनच करणार होतो, पण फोनवर समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची मला सवय नाही. तू मध्येच रडवेला झालास तर तुझ्या सोयीचं काहीतरी बोलून मी मोकळा होईन. कागद बरा, तो मध्ये बोलत नाही.

तिला आता वरच्या मजल्यावर हलवलंय, खिडकीजवळची खाट मिळाली. खाली गाड्या उभ्या करायची जागा दिसते. तुझ्या सासूनं आल्या आल्या पडदा ओढला, आणि आपल्या रेडिओनं डाव्या हातानं तो परत सारला. लेकीला लहानपणी बडबडीमुळे पडलेलं हे नाव, तूही लग्नानंतर उचललंस. आता ते तोंडात आलं की जीभ चावावीशी वाटते. पायातली सळई अजून तशीच आहे. कंबरेचं हाड जुळतंय म्हणतात. उजवा हात मात्र पाहुण्यासारखा मांडीवर पडून असतो, घरातल्या कामात त्याचा काही हात नाही. आणि मी काय करतो विचारशील, तर चाकांना तेल घालतो. थट्टा नाही, खरंच. खाटेची चाकं, जेवणाच्या गाडीची चाकं, सगळी किरकिरत होती, ती तिच्या डोक्यात जात असतील म्हणून दुकानातली तेलाची बुधली घेऊन आलो. मग दुसरं काही जमत नाही म्हणून शेजारच्या खाटांनाही घातलं. मागच्या आठवड्यात सिस्टर म्हणाली, काका, पुरे करा आता, सलाइनचा स्टँड माझ्या आधी पेशंटकडे पोचतोय! सगळे हसले. तीही हसली, अर्ध्या चेहऱ्यानं. तेवढ्यासाठी मी अख्ख्या इस्पितळाला तेल पाजायला तयार आहे.

तुला माहीत आहे, मी शिकलो कमी आणि ऐकलं जास्त. दुसऱ्याच्या दुकानातली शिलाई मशीनं सायकलवर बांधून घरोघर पोचवायचो तेव्हापासून हे कान तिखट. कुणी मशीन चालवून दाखवलं की मी डोळे मिटायचो. कुठं घासतंय, टाका का सुटतोय, ते कानाला कळायचं. पुढं पुढं माणसांचंही तसंच झालं. बाई दुकानात येऊन ‘भाऊ, परवापासून जरा…’ एवढं म्हणाली की मी म्हणायचो, ‘खालचा दोरा गोळा होतोय, ठेवून जा.’ बाई चाट पडायची आणि शेजारणीला घेऊन यायची. ह्या एका खोडीवर माझं दुकान उभं राहिलं, म्हणून ती खोड आहे हे कुणी मला कधी सांगितलं नाही. एक तुझी सासू सोडून. ती म्हणते, लग्न झाल्यापासून तुम्ही माझं एक वाक्य मला संपवू दिलं नाहीत, निदान मरताना शेवटचा शब्द तरी माझा मला बोलू द्या. घरात फक्त रेडिओच अशी, जिचं वाक्य मला कधी पकडता आलं नाही. ती माझ्यापेक्षा जोरात पळायची.

आता ती एकेका शब्दाशी अडते. मोठे डॉक्टर म्हणाले, शब्द सगळे आत जागच्या जागी आहेत, बाहेर यायचा रस्ता तेवढा खचलाय. तिला समजतं सगळं. किती परत येईल विचारलं तर म्हणाले, बघू या. मग दाराबाहेर धाकट्या डॉक्टरशी हळू आवाजात जे बोलले तेही मी ऐकलं. ते ‘बघू या’पेक्षा बरंच कमी होतं. तुझ्या सासूला मी ते सांगितलेलं नाही. पण माझ्या तोंडाकडे बघून तिनं ते ऐकल्यासारखंच आहे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, बहिरा असतो तर बरं झालं असतं.

सुरुवातीला मी आपला धंद्यातलाच रस्ता धरला. तिनं ओठ हलवले की मी सुरू. पाणी? उशी? पंखा? पाय दुखतोय? आईला बोलावू? तिचे डोळे मोठे मोठे व्हायचे, कपाळावर घाम यायचा, आणि मी यादी वाचत सुटायचो. एकदा तिनं हातातला चमचा भिरकावला, तो माझ्या चष्म्याला लागला. तेव्हा तिला बोलायला शिकवणारी पोरगी तिथं होती. केसांत पेन्सिल खोचलेली, चण एवढीशी, पण आवाज हेडमास्तरचा. ती मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, काका, तुम्ही तिला शब्द दिलात ना, की तिच्या डोक्याला वाटतं काम झालं, आणि ते शोधायचं सोडून देतं. तुमचं प्रेम तिला महागात पडतंय. तुम्ही फक्त बसा. मी म्हटलं, बसू म्हणजे काय करू? तर म्हणाली, काही नाही करायचं, तेच अवघड आहे. मग मला आठवलं, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासताना रेडिओ स्वतः हेच करायची. एकदा मी तिथं बसलो होतो, समोरच्या म्हाताऱ्याला पाटीवरचं अक्षर काही लागेना, आणि ते मी खुर्चीतून सांगून टाकलं. केवढी चिडली होती! म्हणे, बाबा, अक्षर त्यांना दिसायला हवंय, तुम्हाला नव्हे. तर सध्या मी पेपरमिंटची गोळी तोंडात धरून बसतो. गोळी संपेपर्यंत बोलायचं नाही असा नेम केलाय. दातांची वाट लागली, पण ‘पाणी’ हा शब्द तिचा तिनं काढला. मग ‘आई’. मग ‘नको’. नको तर असा खणखणीत म्हणते की ऐकत राहावं. परवापरवापर्यंत दोन शब्द जोडायला लागली होती, आणि त्या पेन्सिलवालीनं मला सांगितलं होतं, आता हिला वाक्य सापडलं तर पुढचं सापडेल. आता थांबली तर मात्र इथंच थांबू शकते. आमचं सगळं त्यावर टांगलेलं आहे, जावईबापू. ती चालेल की नाही ह्याचं मला आता तितकं काही वाटत नाही. मला तिनं माझं वाक्य तोडून बोलायला हवंय.

तुझ्याबद्दल लिहितो. त्या दुपारी काय झालं ते तू स्वतःच सांगितलंस, मला कुणाकडून काढून घ्यावं लागलं नाही. भरपेट जेवून निघालात, रस्ता सरळ, ऊन समोरून. ती दोनदा म्हणाली, तुझे डोळे मिटतायत, थांब, मी चालवते. तू म्हणालास, काही नाही, पोचलोच. आणि मग कडेला उभा असलेला तो ट्रक, तिच्या बाजूनं. तुझ्या मनगटाला प्लास्टर आणि तिचं हे असं. हे सगळं तू इस्पितळाच्या जिन्यात उभा राहून एका दमात बोललास, आणि मला तुझी कॉलर धरता आली नाही. मी प्रयत्न केला, खोटं कशाला सांगू. पण मला तुझा आवाज ऐकू येत होता, आणि तो आवाज जिवंत माणसाचा नव्हता. तुझ्यावर धड रागवायलाही मला जमलं नाही, ह्याचा राग तेवढा अजून आहे. मी तुला माफ केलं का, असं तू मला कधी विचारलं नाहीस. बरं केलंस.

पण तिला विचारलंस. रविवारी आलास, खाटेशी गुडघे टेकलेस, पांघरुणावर डोकं ठेवलंस आणि म्हणालास, एकदा म्हण, फक्त एकदा म्हण की माफ केलंस, नाहीतर मी मरेन. मी खुर्चीत होतो, तुझी सासू दारात. रेडिओचे ओठ हलायला लागले. डाव्या हातात चादर आवळलेली. गळ्याची शीर तटतटली. तू वर बघत होतास, असा बघत होतास की कुत्र्यालाही दया यावी. ती जोर लावत होती, काहीच येत नव्हतं, तुझे खांदे हलत होते, आणि एका बाजूला माझं लेकरू आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचं लेकरू अशी दोघं माझ्यासमोर बुडत होती. गोळी कधी चावून गिळली मला कळलं नाही. मी म्हणालो, अरे केलं, केलं माफ! तेच म्हणतेय ती, तुला दिसत नाही का? तू उठून माझ्या गळ्यात पडलास. मला बरं वाटलं. खरं सांगतो, एवढं बरं मला त्या दुपारनंतर पहिल्यांदाच वाटलं. काहीतरी दुरुस्त करून गिऱ्हाइकाच्या हातात दिल्यासारखं. तू तिच्या कपाळावर हात ठेवून गेलास. दुसऱ्या दिवशी तू सासूला फोनवर म्हणालास, आई, काल किती दिवसांनी झोप लागली. तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. वाक्य सुरूच केलं नाही, म्हणजे मला ते संपवताही येईना.

तेव्हापासून रेडिओ बंद. पाणी नाही, आई नाही, नकोसुद्धा नाही. पेन्सिलवाली चित्रं दाखवून दमली. खेळण्यातली घंटी वाजवली, गाणं म्हणून बघितलं. ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. मला तिनं बाहेर काढून विचारलं, काका, काय झालं रविवारी? मी म्हटलं, काही नाही, नवरा येऊन गेला, थकली असेल. बघ, मला तेव्हाही कळलं नव्हतं. सगळ्या गावाचं मशीन कानानं ओळखणारा मी. तिचा श्वास रात्रंदिवस ऐकत होतो आणि त्यात काय बिघडलंय ते मला ओळखू येत नव्हतं. मी डॉक्टरांना नवीन फोटो काढायला लावले डोक्याचे. ओळखीपाळखी काढल्या, दुसऱ्या इस्पितळातल्या मोठ्या माणसाला आणवलं. तोही म्हणाला, आत नवीन काही झालेलं नाही. मग मी जिन्यात जाऊन बसलो, तू उभा होतास त्याच पायरीवर, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती.

काल सकाळी तुझ्या सासूनं तिला टेकवून बसवलं होतं आणि ती तिचे नव्यानं उगवलेले आखूड केस विंचरत होती, म्हणजे विंचरण्याचं नाटक करत होती. मी सफरचंद सोलत होतो. एकाएकी रेडिओनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट. मला वाटलं सुरी लागेल म्हणून, मी सुरी ठेवली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि ओठ हलवायला लागली. मी काही बोललो नाही. नेम म्हणून नव्हे, भीतीनं. पहिला शब्द आला. मग इतका वेळ गेला की सफरचंद काळं पडलं. मग दुसरा. तुझ्या सासूचा कंगवा हवेत तसाच. एकेक शब्द ती विहिरीतून ओढून काठावर ठेवत होती. ‘ते… मी… नाही… बोलले.’ मग दम खाल्ला, आणि: ‘तुम्ही… बोललात.’

वाक्य! अख्खं! मी उठून ओरडलो. व्हरांड्यात धावत जाऊन पेन्सिलवालीला हाताला धरून आणलं, सिस्टर आल्या, शेजारच्या खाटेवरच्या आजी टाळ्या वाजवायला लागल्या. वाक्य बोलली, वाक्य बोलली, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. पेन्सिलवालीनं विचारलं, काका, पण काय बोलली? मी सांगायला तोंड उघडलं आणि तेव्हा कुठं मला ऐकू आलं ती काय बोलली ते. सगळे माझ्याकडे बघत होते. रेडिओही. तुझ्या सासूनं तिच्या केसांवर कंगवा टेकवला आणि म्हणाली, सांगा ना आता, थांबलात का?

म्हणून हे पत्र. ‘माफ केलं’ हे ती बोललेली नाही. ते मी बोललो होतो. तो शब्द तुला द्यायचा मला अधिकार नव्हता, आणि तुझी झोप गेली तरी तो मला परत मागावा लागतोय, कारण तो तुझ्याकडे आहे तोवर ती पुढं तोंड उघडणार नाही. काल दिवसभर मी तिला विचारलं नाही की, मग तुला काय म्हणायचं होतं? विचारायचं फार मनात होतं. कदाचित ती तेच म्हणेल जे मी म्हणालो. कदाचित तुला ऐकवणार नाही असं काही म्हणेल. कदाचित तेवढे शब्द तिला कधीच सापडणार नाहीत. ह्यातलं काहीच माझ्या हातात नाही, तुझ्याही नाही. येत्या रविवारी ये, अवश्य ये, पण तिच्याकडे काही मागू नकोस. खुर्ची खिडकीकडे आहे, तिथं बस. मी खोलीत थांबणार नाही. आणि पत्र मिळाल्यावर मला फोन करून ‘ठीक आहे, बाबा’ असं म्हणू नकोस. ठीक नाहीये. एवढं एक तरी तिच्यासाठी आपण दोघं न बोलता राहू या.

तुझाच, पण आधी तिचा बाप