डाव्या मागच्या चाकाचा नट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, मोटार कंपनीच्या शर्यत विभागातून निवृत्त झालेला मेकॅनिक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचं डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं आहे. मुलीला अजून शंका आहे, पण तिला कोणी विचारलेलं नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. गच्चीवर जुन्या टायरांत लावलेली झाडंही तिचीच. पाणी तिने स्वतः घालावं.

२. हत्यारांची पेटी तिलाच. चाकाचे नट आवळायचा मोठा पाना मात्र जावयाच्या हाती देऊ नये. त्याने एकदा त्या पान्याने खिळा ठोकला होता.

३. मनगटी घड्याळं तीन. कंपनी सर्वांत वरच्या शर्यतींत तीनदा उतरली आणि तीनदा बाहेर पडली. दर निरोपाला आम्हाला एकेक घड्याळ मिळालं. पहिल्या खेपेला फक्त इंजिन आमचं होतं आणि ते दर रविवारी न चुकता धूर काढायचं. दुसऱ्यांदा साहेबांनी जिंकणारा संघ विकत घेतला, त्यावर आपलं चिन्ह चिकटवलं, दोन अजिंक्यपदं पदरात पाडली आणि शर्यत आमच्या रक्तातच असल्याची जाहिरात केली. गाड्यांचा खप घसरला तसं रक्तही बदललं. तिसऱ्यांदा गाडी नखशिखांत आमची होती. कंपनीच्या संग्रहालयात या सगळ्याचं मोठं दालन आहे. तिथे येणं तीनदा आहे, जाणं एकदाही नाही. घड्याळं तिन्ही बंद आहेत, ती त्या दालनाला द्यावीत.

४. अध्यक्षांशी हात मिळवतानाचा माझा फोटो तेव्हाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याला द्यावा. माझ्या घरात तो नको.

५. कपाटात मोज्यात गुंडाळलेला एक नट आहे. शर्यतीच्या गाडीचं अख्खं चाक अशा एकाच नटावर असतं. आमच्या विभागात रिवाज होता, नट आवळला की त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. भावोजींचा, म्हणजे माझ्या ताईच्या यजमानांचा, पिवळा आणि माझा निळा. मी वेळ वाचवायला ठिपका आधी देऊन ठेवायचो. तिसऱ्या खेपेच्या शेवटच्या शर्यतीआधी भावोजींनी डावं मागचं चाक आवळलं आणि ते जेवायला गेले. ब्रेक बघायला मी ते उतरवलं, नवा नट नुसता हाताने फिरवून परत बसवलं, पान्याने आवळायच्या आधीच ठिपका दिला. तेवढ्यात प्रसिद्धी अधिकारी ओरडत आला, "अहो, चला लवकर, अध्यक्ष फोटोला थांबलेत!" फोटो काढून आलो, निळा ठिपका दिसला, काम झालं असं समजलो.

तिसऱ्या फेरीत चाक निघालं. चालकाचा पाय मोडला. गवतात नट मला सापडला आणि मी तो खिशात घातला. कागदावर त्या चाकापुढे भावोजींचं नाव होतं. कंपनीने 'मेकॅनिकची चूक' जाहीर करून शर्यतीतून अंग काढून घेतलं आणि भावोजींनी राजीनामा दिला. चूक आपलीच, असं ते सव्वीस वर्षं मानत आले आहेत. ताई सांगते, घराचं कुलूप ते अजून चार-चार वेळा ओढून बघतात. मी गप्प राहिलो, कारण मी भित्रा आहे. मला त्याची लाज वाटते.

हा नट संग्रहालयाला द्यावा आणि त्याखाली वरचा मजकूर जसाच्या तसा लावावा. ते नाही म्हणतीलच. मग तो ताईच्या बैठकीत, आल्यागेल्याला दिसेल असा ठेवावा.

६. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असं वकील म्हणतात. दुसऱ्या साक्षीदाराने तो जरूर वाचावा. तोंडाने सांगायचं धाडस मला झालं नाही.

स्थळ: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल. दिनांक ९ मार्च.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले, डॉक्टर: लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. शुद्धीवर आहेत. रक्तदाब वाढलेला आहे. (सही)

साक्षीदार दुसरे, भावोजी: त्याने सही केली तेव्हा मी समोर होतो. मग कलम पाच वाचलं आणि उठून घरी गेलो. तासाभराने परत आलो, पहिल्यापासून पुन्हा वाचलं आणि मगच सही करतो आहे. परत आल्यावर पुन्हा बघायचं असतं, हे तुला तेव्हाही सांगत होतो. येताना घराचं कुलूप मी एकदाच ओढलं. (सही)