वाफ धरणारं चित्र

९ ऑक्टोबर, दुपार

प्रिय ताई,

भाऊजींना नमस्कार, चिमणीला पापा. मी बरा आहे. पुन्हा गाव बदललं, लगेच कपाळाला हात लावू नकोस. सध्या एका फ्रेमवाल्याकडे टिकलोय, म्हणजे अजून हाकललेलं नाही. काका तिरकं बोलतात, पण डबा दोघांचा आणतात. त्यांचं मांजर माझ्याच स्वेटरवर पसरतं आणि वर मलाच... असो, विषय दुसराच होता.

ते चित्र आठवतं? आई आजारी असताना दवाखान्यात तू मला ज्या बाकावर बसवून जायचीस, त्याच्या समोरचं. पिवळी खोली, पलंगावर एक पाठमोरी बाई, केस अगदी बारीक कापलेले. ते कुणाचं, हे शोधायचं खूळ घेतलंय मी. दिसेल त्या गिऱ्हाइकाला पिडतो. एक चित्रकार बाई हसल्या, "अरे, घटकेत पाठमोरी म्हणतोस, घटकेत समोर बघणारी. ठरव तरी."

तेच तर. मला दोन्ही आठवतात. मी धरून चाललो होतो, चित्रं दोन असणार, कुणीतरी बदलत असणार.

काल फ्रेम बंद करत होतो. काका खेकसले, "आधी काच आतून पूस. मागून ठोकलंस की आतला डाग तुझ्या बापाच्यानेही निघायचा नाही."

पुसता पुसता हात थांबला. चित्रातली ती बाई समोर बघत असली की काचेवर वाफ धरायची, ताई. मी बाहीने पुसायचो, जायची नाही. मग आपोआप विरायची. परत यायची, तिचा चेहरा झाकून टाकायची.

काकांना सांगितलं. त्यांनी तोंडातले खिळे काढून हातात घेतले. "चित्र श्वास घेत नाही, बाळा."

तू म्हणायचीस, "चित्र आहे ते. हात लावायचा नाही, बोलायचं नाही." आईला लांब नेलंय, हेही तूच सांगितलंस. तूही केवढीशी होतीस. मी जाब विचारत नाहीये.

पण शेवटी शेवटी त्या बाईने काचेला तळहात टेकवला होता. ओठ हलत होते. मी तुझं ऐकून हात मांडीखाली दाबून बसलो. चित्राला कोण हात करतं?

सकाळपासून दुकानातल्या प्रत्येक तसबिरीला हळूच हात करतोय. एकीच्याही काचेवर काही उमटलं नाही.

ती आई नसेल, तर दोन ओळी टाक. आई असेल, तर लिहू नकोस. ये.

तुझाच,
बंड्या