कुणालाच नको असलेली तीन पुस्तकं

३ मार्च, मंगळवार

तो जाणार. ठरलं. महिनाअखेरीला.

जेवताना म्हणाला, "आपण उगाच ओढतोय गं." आणि पाणी प्यायला. मला वाटायचं, नवऱ्याने असं काही म्हटलं की बाई किंचाळत असेल. मी ताटं उचलली. घासली. पुसून जागेवर ठेवली!

४ मार्च

दुकानात एका बाईंना भलत्याच नंबरचा चष्मा दिला. त्या दारापर्यंत जाऊन परत आल्या. "अहो, पायरी माझ्या अंगावर येतेय!" मालक ओरडले नाहीत. चहा मागवला. म्हणजे त्यांनाही कळलंय. तोंडावर लिहिलंय की काय माझ्या?

७ मार्च, शनिवार

ताई खोकी घेऊन आली. वाटणी. भांडी, चादरी, पंखा — पटापट झालं. तिला वाटलं होतं भांडणं होतील, मध्ये पडायच्या तयारीनेच आली होती बिचारी.

अडलं पुस्तकांपाशी. भिंतभर आहेत गेमची पुस्तकं. ताईला अजून कळलेलं नाही हे काय प्रकरण आहे ते.

"खेळायचं तर पट कुठाय?"

"पट नसतो गं. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली माणसं होतात. अडलं की फासे टाकायचे. त्या जगाचे नियम पुस्तकात असतात."

"म्हणजे भातुकली."

"हो. जाडजूड पुस्तकांची भातुकली."

आतल्या खोलीत तो हसला. ऐकू आलं मला. अशाच एका टेबलाशी भेटलो आम्ही — तो गोष्ट चालवायचा, मी एक लंगडी चोर होते, आणि पहिल्याच दिवशी मी त्याच्या राजाचा मुकुट पळवला. नंतर मंडळी पांगली. कुणाची बदली, कुणाला जुळी. पुस्तकं भिंतीवर राहिली.

हे तुझं, हे माझं करता करता तीन उरली. दोघांनाही नकोत. कधीतरी सेलमध्ये दुसऱ्या पुस्तकांबरोबर फुकट आलेली, उघडलेलीसुद्धा नाहीत. एकावर तलवारवाला, त्याच्या हाताला सहा बोटं. दुसरं दिसायला घरपट्टीच्या माहितीपत्रकासारखं. तिसरं राखाडी, वर एक होडी, तीही तिरकी छापलेली.

ताई म्हणाली, "रद्दीत घालते."

तो म्हणाला, "थांबा ताई, उघडून तरी बघू." लिफ्ट दुरुस्त करणारा ना. बिघडलेलीसुद्धा वस्तू न उघडता टाकवत नाही त्याला. माणसाचं वेगळं.

(हे लिहायला नको होतं. राहू दे.)

८ मार्च, रविवार

सहाबोट्याची टिंगल करायला बसलो आणि वाचतच गेलो! आत एक सबंध गाव आहे, पुलावर वसलेलं. तलवार उपसायची सोयच नाही — रस्ते इतके अरुंद. गावातल्या प्रत्येकाला एकच बारीकशी गोष्ट हवी असते. न्हाव्याला आरसा. पहारेकऱ्याला कुणीतरी नावाने हाक मारायला हवी. ज्याने लिहिलंय त्याने माणसं बघितलीत. चित्रकारानेच घात केला त्याचा.

"फुकट आलं होतं हे," तो सारखं म्हणत होता. "फुकट!"

११ मार्च

घरपट्टीवालं काढलं. राजाच्या तक्रार-कचेरीतले कारकून व्हायचं आणि राक्षसांच्या तक्रारी घ्यायच्या. तो एका राक्षसाच्या आवाजात, नाकातून, "साहेब, गावकरी मला घाबरत नाहीत हो आता" म्हणाला आणि मी इतकी हसले की ठसका लागला. तो पाठीवर थोपटायला उठला. हात पाठीवर टेकला आणि त्याने तो लगेच काढून घेतला.

शेवटचं असं हसलो होतो तेव्हा मला सहावा महिना लागला होता. त्यानंतर ते मूल गेलं. जन्मायच्या आधीच. त्यावर आम्ही आजवर एक शब्द बोललेलो नाही. तो कामावर जायला लागला, मी दुकानात जायला लागले.

१२ मार्च

हसायला नको होतं. आशा लागते.

१५ मार्च, रविवार

नीट लिहायला हवं हे.

दुपारी तिसरं पुस्तक. होडीचं. दोघांनीच खेळायचं. एक नावाडी, एक उतारू. फासे नाहीत. "फासेच नाहीत? कसला भिकार गेम," तो म्हणाला. नियम एवढाच — नावाड्याने विचारायचं, काय घेऊन चाललीस? उतारूने खरं सांगायचं. पैलतीर येईपर्यंत नावाड्याला स्वतःचं काही बोलता येत नाही. जे ऐकलं तेवढंच परत म्हणायचं.

पहिल्या फेरीत मी म्हातारी झाले, आडदांड बोकड घेऊन निघालेली. दुसऱ्या फेरीत शिकाऊ डॉक्टर, पिशवीत हाडं. मजा चालली होती. तिसऱ्या फेरीला त्याने विचारलं, "काय घेऊन चाललीस गं बाई?"

मी "कोंबडी" म्हणणार होते. शपथ. तोंडातून आलं — "मुलगी."

त्याने पुस्तकातून वर बघितलं. मग हळूच, "मुलगी."

"मी बघितलं तिला. नर्सने दाखवली. तू औषधं आणायला गेला होतास."

"तू बघितलंस. मी औषधं आणायला गेलो होतो."

"तिला नखं होती रे. एवढी एवढी. पूर्ण."

त्याला म्हणता येईना. ओठ हलले नुसते. मग म्हणाला, "तिला नखं होती." आणि टेबलावर डोकं ठेवून रडला. मी त्याला रडताना कधी बघितलंच नव्हतं. त्याचे वडील गेले तेव्हासुद्धा नाही.

थोड्या वेळाने मी पुस्तक माझ्याकडे ओढलं. आता नावाडी मी. "तू काय घेऊन चाललायस?"

"औषधं घेऊन आलो होतो मी. लगेच आलो होतो. खाली जिन्यात बसून राहिलो. पाय उचलेनात. वर आलो तर तिला बघावं लागलं असतं." पुस्तकाची कड नखाने खरवडत म्हणाला, "तिला बघितलं नाही — तेच घेऊन फिरतोय."

मला ओरडायचं होतं. इतके दिवस मी समजत होते की औषधांच्या दुकानात गर्दी होती! पण नियम. मी म्हटलं, "तू जिन्यात बसला होतास. तिला बघितलं नाहीस. तेच घेऊन फिरतोयस."

पैलतीर कधी आला कळलं नाही. चहा कुणीच केला नाही.

१६ मार्च

सकाळी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. येताना त्याच्या आवडीची भाजी आणली. मूर्ख बाई.

१९ मार्च

ताईचा फोन. "आता नाही ना जाणार तो?" माहीत नाही म्हटलं. "अगं मग विचार की!" तिला सगळं सोपं वाटतं. रात्री देवासारखी शांत झोपत असेल ती.

खोकी तशीच दारात. त्याने उघडली नाहीत. आणखी भरलीही नाहीत.

२४ मार्च, मंगळवार

आज पुस्तकाशिवाय बसलो. नुसतेच, चहा घेऊन. तो तिच्याबद्दल बोलला, मी तिच्याबद्दल बोलले. केस कसे झाले असते, कुणासारखी हट्टी निघाली असती. छान बोललो. मग ते संपलं. मी दुकानातल्या बाईंची पायरीची गंमत सांगितली. तो हसला, पण ओळखीच्या माणसाकडे बघून हसतात तसं. त्याने नव्या लिफ्टचं काहीतरी सांगितलं. मी मान हलवत होते आणि माझ्या लक्षात आलं, मी घड्याळ बघतेय.

इतके दिवस वाटत होतं, तिच्याबद्दल बोललो नाही म्हणून आपण असे झालोय. एकदा बोललो की त्या न बोलण्याच्या खाली आपण दोघं असू, पहिल्यासारखे.

बोललो. खाली बघितलं. कुणी नव्हतं.

२६ मार्च

झोप नाही. त्याच्यावर रागही नाही. राग असता तर बरं झालं असतं.

२९ मार्च, रविवार

सामान गाडीत चढलं. तो परत वर आला. वाटलं काही विसरला. उंबऱ्यातच उभा राहिला, चपला न काढता. म्हणाला, "राहू का मी?"

"नको," कुणीतरी म्हणालं. माझाच आवाज होता.