वरच्या खाचरातली सड

जुजहू,
२६ मार्च

प्रिय बी-श्या,

तुझं पत्र मिळालं. इथे आम्ही ठीक आहोत. धुकं आहे, थंडी अजून हलत नाही, आणि शनिवार-रविवारी तायपेची माणसं फुलांत उभी राहून फोटो काढतात आणि आपले बांध तुडवून जातात. आलं घातलेलं रताळ्याचं सूप विकून विकून माझ्या हातांचा आल्याचा वास जात नाही.

आता तुझ्या कुंडीबद्दल. पानं पिवळी पडली म्हणून तू पाणी वाढवलंस, तिथेच चुकलीस. कॅला लिलीला पाण्यात पाय सोडून उभं राहायला आवडतं हे खरं, पण आपलं पाणी डोंगरातून येतं, थंड आणि वाहतं. तुझ्या काओश्युंगच्या गच्चीत कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी दुपारी चहासारखं तापत असेल. ताटली काढून टाक, कुंडी सावलीला सरकव. खतही बंद कर. नुसती पानं माजलीत आणि फुलाचा पत्ता नाही, ते त्यामुळेच. खालची एखाद-दोन पानं पिवळी असतील तर घाबरू नकोस. पण देठ बुडाशी दाबून बघ. मऊ लागला आणि घाण वास आला तर मातीसकट फेकून दे. वाचवत बसू नकोस.

दादांनी स्वतः का नाही लिहिलं, असं तू विचारलंयस. त्यांचा हात दुखतो असं मी फोनवर सांगितलं होतं. हात चांगला आहे.

वरच्या खाचरात सड लागली. नववर्षाच्या सुट्टीनंतर कोपऱ्यातली काही झाडं लोळली, मला वाटलं मध्येच चार दिवस ऊब आली म्हणून. मग ओळीच्या ओळी बसायला लागल्या. सड अशी शिस्तीत लागते का कधी? एका सकाळी मी बांधावर जाऊन उभी राहिले. तुझे दादा फुलं काढत होते, माझ्या भाजीच्या सुरीनं. एक देठ कापायचा, त्याच सुरीनं पुढच्या झाडाचा. तुला आठवत असेल, मी नवी नवरी असताना त्यांनीच सगळ्यांदेखत माझ्या हातातली कात्री काढून घेतली होती. "देठ बुडाशी धरायचा आणि ओढायचा. पातं लावलंस की एकीचा रोग दुसरीला. माहेरी काय कोबी कापत होतीस?"

मी म्हटलं, "अहो, सुरी कशाला घेतलीत?"

"मग काय दातांनी तोडू?" म्हणाले आणि हसले. मलाही हसू आलं. मग त्यांनी विचारलं, "तू कुणाच्या घरची?"

खालच्या खाचराचे त्साओकाका आले. आपलं पाणी उतरतं ते त्यांच्याकडेच. चहा घेतला, पुतण्याच्या लग्नाचं बोलले, आणि उठता उठता म्हणाले, "सूनबाई, पाणी अडव. मी ओढ्यावरनं घेईन. माझ्याकडं लागली तर दोन्ही घरं बसतील." मी अडवलं. सगळी झाडं उपटून पोत्यांत भरली. बियाण्याला एक कंदही राखला नाही. आता तिथे नुसता चिखल तडकतोय.

एवढंच असतं तर मी रडून मोकळी झाले असते. रोज शाळा सुटायच्या वेळेला दादा छत्री घेऊन निघतात. तुला आणायला. "बी-श्या लहान आहे, धुक्यात वाट चुकेल." परवा वळणावर बसच्या पुढ्यातच उभे राहिले. तेव्हापासून मी दाराला बाहेरून कडी घालते. हे तुला कळवायचं नव्हतं मला. आत ते दार वाजवत राहतात, तुझं नाव घेत राहतात, आणि मी अंगणात गिऱ्हाइकांना सूप वाढते. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, यात सुधारणा नाही.

छिंगमिंगला आई-बाबांची थडगी साफ करायला येईन, मला बघून दादाला बरं वाटेल, असं तू लिहिलंयस. मी त्यांना तुझा गेल्या वर्षीचा फोटो दाखवला. निरखून पाहिला त्यांनी. म्हणाले, "चांगल्या घरची बाई दिसते. हिला विचार, वाटेत आमची पोर दिसली का."

तरीही ये. पण ते तुला हेच विचारतील, तेव्हा काय सांगायचं ते ठरवून ये. मी रोज सांगते, येतेच आहे हो, आता वळणावर दिसेल. तू समोर उभी असताना हे मी कुठल्या तोंडानं सांगू?

तुझी,
छाय-युन वहिनी