डावं होल्स्टर

१५ मार्च २०१४, शनिवार
९.१२ची बस. इंगोलश्टाट शहर सुटलं की धुकं. बिअरमध्ये घालतात त्या होप्सच्या वेलांसाठी रोवलेले उंच खांब अर्ध्यावरच विरघळलेले. वेल अजून नाहीत, नुसते खांब.

आलोइसच्या वर्कशॉपमध्ये आज सहावा शनिवार. फेब्रुवारीत पर्सचा बंद तुटला म्हणून गेले होते. बंद त्यानं दहा मिनिटांत शिवला, मी तीन तास तिथंच बसून राहिले. त्यानं ‘का’ विचारलं नाही, तेव्हापासून दर शनिवारी. चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. जन्म खोगिरं करण्यात गेला. आता फक्त वेस्टर्न क्लबवाल्यांसाठी पट्टे आणि पिस्तूल ठेवायची होल्स्टर. बँकेत, इन्शुरन्समध्ये काम करणारी माणसं रविवारी हॅट घालून काउबॉय होतात, कमरेला खोटं पिस्तूल.

आज पहिल्यांदा फिरत्या मानेची सुरी हातात दिली. ओलसर कातड्यावर एक पाकळी. म्हणाला, “जोर नको. ओढ फक्त. वळण ती घेते.” आणि खरंच घेतलं.

वास! बाभळीच्या सालीचा, आमच्या परड्यातल्या कातडं भिजवायच्या हौदाचा. इथं ओकची साल वापरतात म्हणे. नाक ऐकत नाही.

२३ मार्च
आबांशी स्काईप. माझ्या नखांत तपकिरी रंग, म्हणून हात टेबलाखाली. “जेवलीस का, थंडी किती,” एवढंच.

अकरा वर्षांची होते. कोल्हापूरच्या घरी आबा पायताणं करायचे, आई पट्ट्यांची वेणी घालायची. एकदा आबा उठलेले बघून त्यांची रापी घेतली आणि तळाचा तुकडा कापला. बरा कापला होता. आबा ओरडले नाहीत. रापी काढून घेतली, साबणानं हात धुऊन ये म्हणाले. आले. परत धू म्हणाले. मग वही दिली हातात. “माझ्यानंतर ह्यात कुणी न्हाई.”

मी इथं नोकरीला लागले, त्या महिन्यात त्यांनी काम बंद केलं. तीन वर्षं झाली. नोकरी काय, तर गाड्यांच्या सीट-कव्हरचं डिझाइन. स्क्रीनवर. कातड्याला हात लागत नाही.

५ एप्रिल
आलोइस कधीच अमेरिकेला गेलेला नाही! विमानातच बसलेला नाही. मग पट्ट्यांवर कोरतो ती फुलं कुठली? म्हणाला, लहानपणी कुणाच्या तरी खोगिरावर पाहिली, तेवढी पुरली. खिडकीबाहेर त्याचं प्रेअरीचं माळरान म्हणजे शेजाऱ्याचं बिटाचं शेत.

ठशावर लाकडी मोगरी मारत राहायची, टक टक टक, फुलाभोवतीची जमीन खाली बसते, फूल वर येतं. दोन तास गेले की दहा मिनिटं, कळलं नाही. रेझी, त्याची बायको, केक घेऊन आली तेव्हा मला क्षणभर तिचं जर्मन समजेना. कुठल्या भाषेत होते कोण जाणे.

१२ एप्रिल
इथल्या मराठी मंडळाचा पाडवा, सोयीनं शनिवार गाठून. आज वर्कशॉप बुडलं. साडीवर मी केलेला पट्टा बांधला, हौसेनं. सगळ्यांना आवडला. मंडळाच्या अनघाताईंनी फोटो काढला. “किती सुंदर! हे कुठून सुचलं गं? घरी कुणी करायचं का?”

मी म्हणाले, “नाही हो. यूट्यूबवर बघून.”

श्रीखंडाची वाटी तशीच परत ठेवली. किती पटकन आलं तोंडात. विचारसुद्धा करावा लागला नाही.

३ मे
मागच्या आठवड्यात आलोइस हॉस्पिटलमध्ये होता. अर्धांगाचा लहानसा झटका, असं रेझी म्हणाली. आज घरी. उजवा हात थरथरतो, पाऊल सुजलंय. चेहरा तसाच.

क्लबच्या उन्हाळी मेळाव्यासाठी एका जुन्या मित्राची जोडी करायची होती: एक पट्टा, दोन होल्स्टर. उजवं पूर्ण आहे. डावं म्हणजे नुसतं कापलेलं कातडं. तो बराच वेळ त्याच्यावरून तळवा फिरवत बसला. मग माझ्यापुढं सरकवलं.

मी म्हणाले, “मला नाही जमणार.”
“हो, हो. पहिल्यांदा मलाही नव्हतं जमलं. पण मला दुसरं कुणी नाही.”

सगळी फुलं उलटी कोरायची, आरशातल्यासारखी.

१७ मे
चुकलं. मधल्या फुलाच्या देठाशी सुरी घसरली, कट बाहेर गेला. कागद नाही हा, खोडरबर नाही. कातड्यावरचा कट राहतो.

रडू आलं. आलोइसनं चष्मा लावला, बघितलं, म्हणाला, “आल्झो, तर मग, इथं एक पान उगवणार.” तीन बोटांनी पेन्सिल धरून, थरथरत, पान काढून दिलं. मी कोरलं.

मग म्हणाला उजव्या होल्स्टरवरही काढू तसंच पान, जोडी आहे ना. पूर्ण झालेल्या कामावर! मी नको नको म्हणत होते. त्यानं ते परत भिजवायला घेतलं.

७ जून
होल्स्टर शिवून झालं. दोन सुया, मेणाचा दोरा, एकाच भोकातून दोघी. आज पाण्यात बुडवून आत पिस्तूल घातलं आणि बोटांनी दाबत दाबत आकार दिला. ओलं कातडं अंगासारखं ऊबदार लागतं. आतली वस्तू हळूहळू बाहेरून दिसायला लागते, तळ्यातला दगड दिसावा तशी. उन्हात ठेवलं. आम्ही तिघं बाकावर बसून ते वाळताना बघत होतो. होप्सचे वेल खांबांच्या टोकाला पोचलेत. झोप नव्हती, पण जागही नव्हती.

११ जून, बुधवार
आबांचा फोन, ऑफिसच्या वेळेत. ते कधी असा करत नाहीत. जिन्यात जाऊन घेतला.

मंडळाचा फोटो फेसबुकवर. दादानं त्यांना दाखवला. खाली लिहिलंय, ‘यूट्यूबवरून शिकलेली कला.’

“हा पट्टा तू केलास?”
“हो.”
“आणि हे यूट्यूब कोण?”

त्यांना माहीत नसेल असं नाही.

मग सगळं सांगितलं. आलोइस, शनिवार, होल्स्टर. ते ऐकत होते. मागं कुणाची तरी गाडी गेली. म्हणाले, “मी तुला लांब ठेवलं गं ह्यातनं. आणि तू दुसऱ्याकडं जाऊन शिकलीस.” राग नव्हता आवाजात. राग असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी विचारलं: “त्या म्हाताऱ्याच्या घरचं पाणी पितात का लोक?”
“केक खातात, आबा. दर शनिवारी.”
“हं.” आणि ठेवला.

जिन्यातच बसून राहिले. मीटिंग चुकली.

२८ जून
मेळावा. कुरणात तंबू, धूर, बँजो, घोडे. एवढी मोठी माणसं, एवढ्या गंभीर चेहऱ्यानं काउबॉय! आलोइसच्या मित्रानं जोडी कमरेला बांधली, तीनदा वळून दाखवली. पान दोन्हीकडं आहे. आलोइस खुर्चीवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, डावं तिचं, डावं तिचं.

एका बाईनं विचारलं, कुठं शिकलात?
“माझे वडील चांभार आहेत. कोल्हापुरी चपला करायचे. त्यांनी शिकवलं नाही, पण मी बघत होते. बाकी आलोइसनं.”

ती “आख, श्योन,” म्हणजे ‘वा, छान’, म्हणाली आणि बिअर आणायला गेली. बस. एवढंच झालं.

जर्मनमध्ये सांगता आलं. मराठीत अजून नाही. अनघाताईंना फोन करायचा आहे. केला नाही.

६ जुलै
आबांशी स्काईप, त्या फोननंतर पहिल्यांदा. मधले रविवार त्यांनी दादालाच पुढं केलं होतं.

हात टेबलावर ठेवले. आबांनी ते बघितले. कॅमेऱ्याजवळ घे म्हणाले. अंगठ्याजवळचा घट्टा बघितला असावा.

धीर करून विचारलं, “डिसेंबरात येते. मला पायताण शिकवाल?”

आई मागून काहीतरी म्हणाली, तिला त्यांनी हातानं थांबवलं. मग म्हणाले, “त्या म्हाताऱ्याच्या पायाचं माप पाठव.”
“आबा, तुम्ही काम बंद केलंय ना?”
“माप पाठव म्हटलं. दोन्ही पायांचं. पंजाचा घेर दोऱ्यानं घे.”

१२ जुलै
आलोइसला समजावून सांगायला अर्धा तास. शेवटी हसत मोजे काढले. गोरे, निळ्या शिरांचे पाय, उजवा अजून सुजलेला. जमिनीवर कागद पसरला, तो रेझीच्या खांद्याला धरून उभा राहिला. मी खाली बसून पेन्सिल फिरवली, टाचेपासून, बोटांच्या मधून. गुदगुल्या होतात म्हणून ओरडत होता. रेझी म्हणाली, लग्नापासून ह्याला इतका हलताना पाहिलं नाही.

उजव्या पायाला दोनदा घेर घेतला. सूज उतरली तर सैल होईल, हे कागदावर मराठीत लिहिलं.

बसमधून आबांना मापाच्या कागदाचा फोटो पाठवला. तिकडं आता दुपार टळली असेल, पाऊस असेल, कातडं वाळत नसेल.