अर्जदार जिवंत असल्याने आलेल्या अडचणीबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
‘नवी उभारी’ एकल महिला प्रशिक्षण केंद्र,
अकोला.

अर्जदार: धर्मपाल श्रावण खंडारे, वय ४३, धंदा संत्रा भरणे (पूर्वी गाडीसोबत जाणेही), रा. अमरावती.

विषय: दंत सहायक प्रशिक्षण वर्गातील रिकाम्या जागेवर पुरुष अर्जदारास बसू देण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा पहिला अर्ज, जो आपल्या कार्यालयाने घेतला नाही.
२) आपले लिपिक श्री. खुशालराव यांचे तोंडी उत्तर: “आधी नवरा मेलेला पाहिजे.”

महोदय,

वरील विषयी अर्जदाराचे म्हणणे असे की,

१. अर्जदाराची पत्नी दीक्षा ही अमरावती येथे डॉ. तौहीद यांच्या दातांच्या दवाखान्यात सहायक होती. अवजारे उकळून ठेवणे, पेशंटच्या तोंडातले पाणी नळीने ओढणे, डॉक्टरांनी हात पुढे केला की न विचारता पाहिजे ती वस्तू त्यात ठेवणे, ही तिची कामे. भ्यालेल्या पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून ती सांगे, “पंख्याकडे पाहा. डाक्टरकडे नोका पाहू.” हे काम तिला कोणी सांगितले नव्हते. तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात धरून आलेल्या माणसाला, मग तो साहेब असो की पुढारी, ती दारातूनच नळावर पाठवी. मागच्या हिवाळ्यात तापाचे निमित्त होऊन ती वारली.

२. त्या वेळी अर्जदार वरूडच्या संत्र्याची गाडी घेऊन परराज्यात होता. मुलगी संघमित्रा, इयत्ता आठवी, एकटीच आईजवळ होती. अर्जदार घरी पोचला तोवर सगळे आटोपले होते. संत्री मात्र वेळेवर पोचली.

३. तेव्हापासून अर्जदार गाडीसोबत जात नाही. मुलीला घरी एकटी ठेवून परराज्यात जाणे आता होणे नाही. डॉ. तौहीद म्हणाले, “धर्मपालभाऊ, ही जागा दीक्षाताईची आहे. तुम्ही या. पण शिकून या आणि सर्टिफिकेट घेऊन या. पावसाळाभर मी थांबतो.” दवाखाना घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे आणि संध्याकाळी बंद होतो. डॉक्टर सध्या एका हाताने दात आणि दुसऱ्या हाताने नळी धरतात. परवा नळी सुटली आणि डॉक्टर व पेशंट दोघांनाही तोंड पुसावे लागले. म्हणजे त्यांना माणसाची गरज आहे. अर्जदाराला रोज संध्याकाळी घरी येता येईल अशा कामाची गरज आहे.

४. अर्जदाराने आधी अमरावतीत चौकशी केली. एका खाजगी संस्थेत फी ऐकूनच अर्जदाराची दातखीळ बसली. फीमध्ये टाय आहे, असे तेथील बाईंनी समजावून सांगितले. दुसऱ्याच्या तोंडातले पाणी ओढायला टाय कशाला लागतो, असे विचारल्यावर त्यांनी टायचे रंग दाखवले. दुसरा एक इसम मोबाईलवर शिकवतो आणि सर्टिफिकेट घरपोच पाठवतो. डॉ. तौहीद यांनी त्याचा नमुना पाहिला व म्हणाले, “हे शिकून आलात तर दाताऐवजी माझं बोट निघेल.”

५. नंतर आपल्या केंद्राची जाहिरात दिसली. प्रशिक्षण मोफत, येण्याजाण्याचा पास, दुपारचे जेवण. अटी: आठवी पास, वय पंचेचाळीसच्या आत, पदरी अपत्य, पुन्हा लग्न केलेले नसावे. अर्जदार या सगळ्या अटींत बसतो. इतक्या अटींत अर्जदार आयुष्यात प्रथमच बसला. शेवटची अट, पतीचा मृत्यू दाखला, ही नीट न वाचल्याने अर्जदार आनंदाने मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला आला.

६. श्री. खुशालराव यांनी कागद पाहिले. “हा तं बाईचा दाखला आहे. नवऱ्याचा आना.” अर्जदार म्हणाला, “नवरा मीच हाओ.” “मंग तुमचा आना.” “मी तं जिता हाओ.” “थे दिसूनच राहिलं. तोच तं प्राब्लेम आहे.” अर्जदाराने फॉर्मवरील ‘श्रीमती’ खोडले होते, त्यावर खाडाखोड चालत नाही असेही त्यांनी सांगितले. खिडकीतून वर्ग दिसत होता. बाया मोजक्या आणि खुर्च्या भरपूर. दातांचे काम म्हटले की बाया नाक मुरडतात, शिवणकामाला गर्दी करतात, असे खुशालरावांकडूनच समजले. त्यापैकी एका खुर्चीवर बसू द्या, असे अर्जदार म्हणाला. ते म्हणाले, “रिकामी खुर्ची दाखवता येते भाऊ. तिच्यावर बाप्या दाखवाले कालम नाही.” त्यांनी चहा पाजला हे येथे नमूद करणे योग्य होईल. माणूस वाईट नाही.

७. कार्यालयाबाहेर लिंबाखाली अर्ज लिहून देणारे नत्थुजी यांनी तोडगा सांगितला. “एखाद्या विधवा बाईसंग लगन लावून टाका. बाई शिकन, कागद घरात येईन.” लग्न झाल्यावर बाई विधवा कशी राहील, असे अर्जदाराने विचारले. नत्थुजींनी डोके खाजवले, पुडीतली सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, “मंग तं तुमाले मराच लागते.” म्हणजे कोणत्याही वाटेने गेले तरी अर्जदाराचे मरण चुकत नाही. हा अर्ज त्यामुळे अर्जदाराने स्वतःच लिहिला आहे.

८. दोघांपैकी कोणी आधी जावे, याबाबत अर्जदाराच्या घरी कधी बोलणे झाले नाही. योजनेची माहिती वेळेवर मिळाली असती तर तसा विचार करता आला असता. अर्जदार मेला असता तर दीक्षाला आपल्याकडे सगळे मोफत मिळाले असते. पण तिला शिकायची गरज नव्हती, तिला काम येत होते. ज्याला काही येत नाही तो मागे राहिला. यात आपल्या कार्यालयाची चूक नाही. पण अर्जदाराचीही नाही.

तरी विनंती की,

अ) अर्जदारास रिकाम्या खुर्चीवर बसू द्यावे. बायांना संकोच वाटत असल्यास खुर्ची दाराबाहेर टाकावी. अर्जदाराने ट्रकच्या टपावर बसून प्रवास केला आहे, दाराबाहेर तर सावली आहे. जेवण नको, डबा आणील.

ब) ते जमत नसल्यास, अर्जदार मेला व दीक्षा जिवंत आहे असे धरून तिच्या नावे प्रवेश द्यावा. हजेरीला अर्जदार येईल. याला अर्जदाराची काही हरकत नाही. अर्जदाराने मनात हे बरेचदा करून पाहिले आहे.

क) तेही जमत नसल्यास, अर्ज नामंजूर करताना ‘अर्जदार जिवंत असल्यामुळे अपात्र’ असे कारण लेखी द्यावे व त्यावर कार्यालयाचा गोल शिक्का मारावा.

या शेवटच्या विनंतीचे कारण असे. आई गेल्यापासून संघमित्रा सकाळी उठली की आधी अर्जदाराच्या नाकाखाली बोट धरून पाहते. अर्जदार जागा असला तरी डोळे मिटून पडून राहतो आणि तिची तपासणी होऊ देतो. विचारले तर म्हणते, “काई नाई बाबा, माशी बसली होती.” अर्जदाराने परोपरीने सांगून पाहिले, पण तिचा तोंडी सांगण्यावर विश्वास नाही. आपल्या कार्यालयाचाही नाही, म्हणून हे आपल्याला लवकर समजेल असे वाटते. शिक्क्याचा कागद भिंतीला लावला तर मुलगी सकाळी उठून सरळ चहा ठेवील.

तथापि वर्गात जागा दिल्यास बरे. मग अर्जदार रोज संध्याकाळी घरी दिसेल व कागदाची गरज पडणार नाही.

नवीन तुकडी सोमवारी सुरू होत आहे. अर्जदार सकाळच्या पहिल्या गाडीने येऊन दाराबाहेर उभा राहील. हाकलायचे की बसवायचे, ते आपण ठरवावे.

आपला नम्र आणि अद्याप हयात,

(सही)
धर्मपाल श्रावण खंडारे
अमरावती, दि. १२ जून २०२५

सोबत:
१) दीक्षाचा मृत्यू दाखला (आपल्याकडून परत आलेला, तोच).
२) डॉ. तौहीद यांचे पत्र.
३) संघमित्राचा शाळेचा दाखला.
४) अर्जदाराचा मृत्यू दाखला: जोडलेला नाही. इतक्यात मिळण्यासारखा नाही.